मालक आणि मरोळचा सेंटर-हाफ

आमचे मालक फुटबॉलची एकही मॅच चुकवत नसत, आणि एकाही मॅचमध्ये बॉलकडे बघत नसत.

गोल झाला की मैदानाभोवतीची सगळी माणसं एकदम उसळायची. छत्र्या वर जायच्या, कुणी कुणाच्याही गळ्यात पडायचं. मालक मात्र भलत्याच कोपऱ्याकडे, जिथं काहीही चाललेलं नाही अशा जागी, टक लावून उभे. पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा मी त्यांचा दंड धरून ओरडलो, "मालक, गोल झाला, गोल!"

"झाला असेल," ते म्हणाले. "तो त्यांचा राइट-बॅक बघा. बॉल लांब गेला की कंबरेवर हात ठेवतोय. दमलाय. आता त्याच्याच बाजूनं आणखी एक बसेल."

दहा मिनिटांत बसला. मालकांनी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

"बॉल काय, सगळेच बघतात," परत येताना ते म्हणाले. "त्याच्यासाठी मी कशाला यायला हवं?"

मालक म्हणजे घरमालक. एकोणीसशे पन्नासनंतरच्या काही वर्षांतली ही गोष्ट. अंधेरीहून मरोळकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं कौलारू बैठं घर होतं. पुढं ऐसपैस ओटी, मागं भाड्यानं दिलेल्या चार खोल्या, मध्ये विहीर, आणि कुंपणापलीकडे भाताची खाचरं. मालक सरकारी भूमापन खात्यातून निवृत्त झाले होते. साखळी आणि निशाणं घेऊन तीस वर्षं त्यांनी ठाणे-कुलाबा जिल्ह्यांतल्या जमिनी मोजल्या होत्या. धोतर, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, आणि पायांत कॅनव्हासचे पांढरे बूट. असा वेश मी दुसऱ्या कुणाच्या अंगावर पाहिला नाही. बूट का, तर मॅच चालू असताना ते कधी बसत नसत. मैदानाच्या कडेच्या रेघेला धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहत.

मी तेव्हा एका सिनेमा स्टुडिओत पडदे रंगवत असे. डोंगर, राजवाडे, चंद्र, काय लागेल ते. खोली बघायला गेलो तेव्हा बऱ्याच प्रश्नांची तयारी करून गेलो होतो. जात कोणती, लग्न झालंय का, सिनेमातली माणसं घरी येतील का. मालकांनी एकच विचारलं.

"फुटबॉल बघता?"

"नाही. मला त्यातलं काहीच कळत नाही."

"उत्तम. खोली तुमची. बघणाऱ्यांना आधीच मतं असतात."

मग मी काय काम करतो ते ऐकून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "म्हणजे खोटी झाडं खरी दिसायला हवीत म्हणून तुम्ही खरी झाडं नीट बघत असणार. मग रविवारी माझ्याबरोबर चला."

नाही म्हणायची सोय त्यांनी ठेवलीच नाही. त्यानंतर पाच पावसाळे मी त्यांच्याबरोबर चिखलात उभा राहिलो.

घरी त्यांचं फुटबॉल चालायचं ते काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, वालांवर. काकू बिरड्यासाठी कडवे वाल निवडायला बसल्या की मालक त्यातले बावीस वाल उचलून ओटीच्या फरशीवर मांडत. अकरा इकडे, अकरा तिकडे. मग बोटानं एकेक वाल सरकवत कालची मॅच समजावून सांगत. काकूंचं लक्ष सुपात असलं तरी त्यांना किती वाल गेलेत याचा अंदाज बरोबर असायचा. "तो तुमचा गोलकीपर इकडे द्या," त्या म्हणायच्या. "भिजत घालायचेत." मालक निमूटपणे गोलकीपर देऊन टाकायचे आणि गोल मोकळा ठेवून पुढं बोलायला लागायचे.

देवावर त्यांचा विश्वास नव्हता. हे ते लपवत नसत आणि मिरवतही नसत. नोकरीत असताना एका गावी देवळाच्या जमिनीची मोजणी होती. हद्द गावकऱ्यांच्या समजुतीपेक्षा चार हात अलीकडे निघाली. पुजारी म्हणाला, "साहेब, देवी कोपेल." मालक म्हणाले, "देवीची हरकत असेल तर तिनं अर्ज करावा. मी पुन्हा मोजून देईन." ही हकीकत ते विनोद म्हणून सांगत नसत. पुन्हा मोजायची त्यांची खरोखरच तयारी होती.

आता बस्त्यावबद्दल सांगायला हवं.

बस्त्याव मरोळ गावचा, ईस्ट इंडियन, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथलाच, ख्रिस्ती. वय चोवीस-पंचवीस, रंगानं काळा, पाय लांब. आमच्या भागातल्या संघाचा तो सेंटर-हाफ, म्हणजे मैदानाच्या मधोमध उभा राहून बॉल अडवणारा आणि पुढच्यांना वाटणारा. गोल क्वचितच करायचा. पण त्याच्या पायातून बॉल सुटला की पुढचा माणूस नेमका तिथं पोचलेला असायचा. कुर्ल्याच्या एका कापडगिरणीनं त्याला फुटबॉलसाठी म्हणून कामावर घेतलं होतं. सकाळी थोडं काम आणि दुपारनंतर मैदान.

मॅच सुरू होण्याआधी तो मैदानाच्या मध्यावर यायचा, एक गुडघा मातीत टेकायचा, छातीवर क्रूस काढायचा आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचा. तेवढा वेळ सगळं मैदान गप्प. एकदा एका वर्तमानपत्रानं त्याचा तसा फोटो छापला आणि बस्त्याव अंधेरी-मरोळमध्ये एकदम मोठा झाला. इराण्याच्या हॉटेलात त्याच्यासाठी खुर्ची रिकामी व्हायची. लग्नाच्या वरातीसुद्धा त्याच्या घरावरून जायला लागल्या.

आणि आमच्या ओटीवर दर रविवारी संध्याकाळी भांडण सुरू झालं.

भांडणारे मुख्यतः दोघं. एक सावंत. हे माझ्या शेजारच्या खोलीत राहायचे. मालवणकडचे, गिरणीत फिटर, अत्यंत देवभोळे. त्यांनी तो फोटो कापून चौकटीत बसवून भिंतीवर गणपतीच्या शेजारी लावला होता. दुसरे कर्णिक, समोरच्या बंगलीत राहणारे, बँकेत नोकरी, इस्त्रीचा शर्ट, आणि प्रत्येक गोष्टीत हवा किती आहे ते दाखवून देण्याची हौस.

"गोल किती केले त्यानं या मोसमात? दोन!" कर्णिक म्हणायचे. "फोटो मात्र पेपरात. गुडघा टेकला नसता तर कुणी नाव तरी घेतलं असतं का?"

"कर्णिकानु, तुमका काय कळता?" सावंत उसळायचे. "देव आसा त्येच्या पाठीर! तो गुडघो टेकता तेवाच मॅच जिंकली समजायची."

"मग दुसऱ्या संघाचा देव काय झोपलेला असतो? त्यांच्यातही चार ख्रिस्ती आहेत की!"

"ते वरवरचे. ह्येची भक्ती खरी."

"अहो, भक्ती खरी आहे म्हणून पास अचूक जातो, असं कुठं असतं का? अशानं आर्चबिशपलाच सेंटर-हाफ करायला हवा."

मग दोघंही मालकांकडे वळायचे. मालक म्हणायचे, "मत नंतर. आधी काय पाहिलंत ते सांगा." आणि हे दोघं बॉलकडे बघत असल्यामुळे दोघांनाही काही सांगता यायचं नाही.

"गुडघा टेकून तो काय बोलतो ते त्याचं तो जाणे," मालक म्हणायचे. "उठल्यावर तो काय करतो? तर पहिली पाच मिनिटं हातचं राखून खेळतो. समोरच्या अकरा जणांची मोजणी करतो. कोण कुठं कच्चा आहे ते बघतो आणि मग उरलेला वेळ तिथंच कुदळ मारतो. याला गोल मोजून काय कळणार?"

मी या तिघांचं ऐकत बसायचो. मला वाटायचं, मालकांइतका बस्त्यावचा चाहता दुसरा कुणी नसेल. म्हणूनच पुढं जे झालं ते मला अजिबात समजलं नाही.

उपनगरांचा एक निवडक संघ दरवर्षी शहराच्या संघाशी खेळायचा. त्या मॅचला मोठ्या संघांची माणसं यायची. तिथं चमकलेला खेळाडू थेट मुंबईच्या संघात जायचा. बस्त्यावचं त्यात जाणं ठरल्यासारखंच होतं. निवड करणारे तिघं होते. घाटकोपरचे एक डॉक्टर, मुलुंडचे एक हेडमास्तर आणि आमचे मालक. डॉक्टरांना आपल्या बाजूचा सेंटर-हाफ हवा होता, हेडमास्तरांना बस्त्याव. राहिले मालक. मालकांनी बस्त्यावच्या विरुद्ध मत दिलं.

कोणी कसं मत दिलं ते बाहेर सांगायचं नसतं. पण हेडमास्तर चिडले होते. दोन दिवसांत बातमी मरोळच्या विहिरींवर पोचली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या कुंपणाच्या भिंतीवर डांबरानं लिहिलेलं होतं, 'मालक दगाबाज.' मी चुन्याची बादली घेऊन पुसायला निघालो. मालकांनी अडवलं. छत्रीचं टोक टेकवून ते बराच वेळ ती अक्षरं बघत राहिले.

"राहू द्या," ते म्हणाले. "सरळ रेषेत लिहिलंय. अंधारात एवढं जमणं सोपं नाही."

सावंतांनी ओटीवर येणं बंद केलं. आमच्या विहिरीचं पाणीसुद्धा त्यांनी सोडलं. बायको रस्त्यापलीकडच्या विहिरीवर जायला लागली आणि काकूंच्या जिवाला ते फार लागलं. "धर्म बघून मत दिल्यान," असं सावंतांनी माझ्यापुढंच म्हटलं. "देव न मानणारो माणूस. दुसऱ्याचो देव त्येका कसो बघवतलो?"

आनंद झाला तो एकट्या कर्णिकांना. ते हात पसरूनच ओटीवर चढले.

"या, या, मालक! शेवटी माझ्याच मताचे निघालात! नुसती हवा होती की नाही?"

मालक ताडकन उठले. त्यांना एवढं रागावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"तुम्हाला खेळातलं ओ की ठो कळत नाही, कर्णिक. त्याच्याएवढा सेंटर-हाफ बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंत नाही."

"मग त्याला मत का दिलं नाही?"

"ते माझं मत आहे. ते मी तुम्हाला कशाला देऊ?"

कर्णिक जे उतरून गेले ते परत आले नाहीत. ओटी रिकामी झाली. रविवारी वाल मांडायचे आणि ऐकायला मी एकटा, असं दोन आठवडे चाललं. काकूंनी तर विचारणंच सोडून दिलं. मी एकदा धीर करून विचारलं, "मालक, मला तरी सांगा. कारण काय?"

"तुम्ही मैदानावर होतात ना? मग तुम्ही काय पाहिलंत?"

मी बॉल पाहिला होता.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी बस्त्याव स्वतःच आला. चर्चमधून तसाच आलेला, पांढरा शर्ट, तेल लावून बसवलेले केस. मी अंगणात काकूंची जुनी खुर्ची रंगवत होतो. तो फाटकातूनच बोलायला लागला.

"मालक, मना सांगा, मी तुमचा काय वाईट केला? माझी आय रोज रडते. चार वर्सं घाम गाळला मी. तुमी माझा घात का केला?"

मी ब्रश ठेवून आत जायला लागलो. मालक म्हणाले, "तुम्ही थांबा." मग ते बस्त्यावकडे वळले. "इकडे ये. मॅचच्या आधी करतोस तसं कर."

"काय?"

"गुडघा टेक."

बस्त्यावचा चेहरा तापला. "माझ्या देवाची थट्टा नको, मालक. बाकी काय पन बोला."

"थट्टा नाही करत. टेक."

त्या आवाजात काय होतं कोण जाणे. बस्त्यावनं अंगणातल्या मातीत गुडघा टेकला.

"हा डावा," मालक म्हणाले. "सावंतांच्या भिंतीवर तुझा फोटो आहे. गेल्या वर्षीचा. त्यात तू उजवा टेकला आहेस. त्याआधीही कायम उजवाच टेकायचास. या वर्षी जुलैपासून डावा टेकतोस. आता ऊठ आणि उजवा टेक."

बस्त्याव उठला. उजवा पाय मागं घेतला, वाकला, आणि अर्ध्यातच त्याच्या गुडघ्यातून कळ निघाली. त्यानं ओटीचा खांब धरला. वरच्या ओठावर घाम आला होता. चुलीवरचं काहीतरी उतू गेल्याचा वास आला तरी काकू दारातून हलल्या नाहीत.

"कवापासून ठावं हाय तुमाला?" शेवटी त्यानं विचारलं.

"तुला पहिल्यांदा दुखलं त्याच्या पुढच्या मॅचपासून. उजवीकडे वळायचं असलं की तू आता डाव्या बाजूनं पूर्ण गिरकी घेतोस. लोकांना ती नवी लकब वाटते, टाळ्या देतात. शहराच्या संघाशी खेळला असतास तर त्यांनी पंधरा मिनिटांत ओळखलं असतं आणि उजवीकडूनच अंगावर आले असते. मग तो पाय कायमचा गेला असता."

"कुनाला सांगितला?"

"कुणालाही नाही. हिलासुद्धा नाही." त्यांनी दारातल्या काकूंकडे बोट केलं. "गिरणीत कळलं तर तुला मैदानासाठी सुट्टी देतील का? म्हणून समितीतही कारण सांगितलं नाही. नुसतं 'नको' म्हणालो."

बस्त्याव ओटीच्या पायरीवर बसला आणि दोन्ही हातांत तोंड लपवून लहान मुलासारखा रडला. रडणाऱ्याला समजावणं मालकांना अजिबात जमलं नाही. ते उगाच छत्री उघडून मिटून बघायला लागले. शेवटी काकूंनीच पुढं होऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि आतून पाणी आणून दिलं. जाताना मालकांनी त्याच्याकडून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या. डॉक्टरला दाखवायचं, आणि तोंड बंद ठेवायचं.

पहिली त्यानं पाळली. दुसरी नाही.

पुढच्या आठवड्यात आमचा संघ बस्त्यावशिवाय खेळला आणि वाईट हरला. त्याचा पाय मुरगळलाय, असं सगळ्यांना सांगितलेलं होतं. मॅच संपल्यावर मालक नेहमीसारखे कडेच्या रेघेवरून निघाले, तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "दगाबाज!" आणखी दोघं-तिघं ओरडले. मग चिखलाचा एक गोळा आला आणि मालकांच्या धोतरावर फुटला. मालक थांबले नाहीत, की त्यांनी वळूनही पाहिलं नाही. त्यांच्या चालीत फरकही पडला नाही.

तेवढ्यात समोरून बस्त्याव आला. लंगडत, सरळ मैदानातून. खिशातला रुमाल काढून तो मालकांच्या धोतरावरचा चिखल पुसायला वाकला.

"काय करतोस? घरी जा," मालक हळूच म्हणाले.

बस्त्याव ताठ उभा राहिला. त्याचा आवाज मोठा होता, मैदानात या टोकाहून त्या टोकाला जाणारा.

"चिखल मारायचा तर माझ्यावर मारा! माझा गुडगा गेलाय. दोन महिने झाले. मी तुमाला फसवला, गिरनीला फसवला. या मानसानं एकट्यानं वलखला, आनि माझी नोकरी जाव नये म्हनून तोंड मिटून बसला!"

"गप्प बस!" मालक ओरडले. "गाढवा, नोकरी जाईल!"

"जाव दे. रोज देवाम्होरं बसतो आनि उठून खोटा खेळतो. किती दिस?"

फेकणारा कोण होता ते कधी कळलं नाही, पण त्या घोळक्यातली माणसं एकेक करून निघून गेली. सावंत एका बाजूला उभे होते. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आमच्या विहिरीच्या रहाटाचा आवाज आला. काकू खिडकीतून बघून म्हणाल्या, "सावंतीण आली." मालकांनी वर्तमानपत्रातून डोकं काढलं नाही.

मालक बस्त्याववर मात्र महिनाभर रागावलेले होते. गिरणीनं त्याला काढलं नाही, पण पुऱ्या पाळीवर कापूस पिंजायच्या खात्यात लावलं. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा भुवयांवरसुद्धा कापूस. "याला म्हणतात स्वतःच्या हातानं गोल करून घेणं," मालक म्हणायचे. "मी सगळं झाकून ठेवलं होतं." पण परळच्या मोठ्या इस्पितळात त्याला घेऊन जाणारे तेच होते. गुडघ्यातल्या कूर्चेचा एक तुकडा फाटून सांध्यात अडकत होता. डॉक्टरांनी तो काढून टाकला. आणखी मोसमभर खेळला असता तर सांधाच निकामी झाला असता, असं त्यांनी सांगितलं.

मग सुरू झाला व्यायाम. पाळी संपवून बस्त्याव आमच्या ओटीवर यायचा, घोट्याला वाळूची पिशवी बांधून बसायचा आणि पाय सरळ वर उचलायचा. मालक समोर उभे राहून मोजायचे. त्याचा पाय एक बोटभर कमी उचलला गेला तरी तो आकडा मोजला जायचा नाही. "सतरा. सतरा. सतरा. नीट उचल, मग अठरा म्हणतो." काकू आतून म्हणायच्या, "अहो, म्हणा की अठरा, मेला रडकुंडीला आलाय!" मालक म्हणायचे, "सतरा."

पुढच्या जुलैत बस्त्याव पुन्हा मैदानात उतरला. पूर्वीची धाव गेली होती. पण पळता येत नाही म्हटल्यावर तो आणखी लवकर बघायला शिकला. उभ्या जागेवरून, एका पायावर, असा बॉल टाकायचा की समोरच्यांना तो आल्यावर कळायचं. त्या वर्षी त्याची उपनगरांच्या संघात निवड झाली. मालक तेव्हा समितीवर नव्हते. त्यांनी आधीच राजीनामा दिला होता, कारण त्यांच्या मते जिची गुपितं बाहेर फुटतात अशा समितीत बसण्यात अर्थ नव्हता. शहराशी मॅच बरोबरीत सुटली. बस्त्याव मुंबईच्या संघात काही गेला नाही. पण त्या दिवशी शहराकडच्या माणसांनी विचारलं, हा कोण, आणि आमच्या अख्ख्या बाजूनं एका सुरात नाव सांगितलं.

ओटीवर पुन्हा भांडण सुरू झालं.

"आता खेळतोय खरा," कर्णिक म्हणाले. तेही परत आले होते. "पूर्वी नुसतं नाव होतं."

"देवान् गुडघो परत दिलो," सावंत म्हणाले.

"देवानं नाही, डॉक्टरनं," मालक म्हणाले. "काढलेला तुकडा इस्पितळात बाटलीत ठेवलाय. जाऊन बघून या."

त्याच वर्षी सप्टेंबरात बस्त्यावची आई आमच्याकडे आली. ठेंगणी, काटक, नेसूचं लुगडं आखूड, कानांत जड बाळ्या. ऑपरेशनच्या वेळी तिनं वांद्र्याच्या चर्चमधल्या मोतमाऊलीला मेणाच्या पायाचा नवस बोलला होता. जत्रा सुरू होती. मालकांनी बरोबर यावं, असा तिचा हट्ट होता.

"मी कशाला?" मालक म्हणाले. "मुलाला न्या."

"त्याची पाळी हाय. आनि मना तुमीच पायजेल."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हीही चला," ते म्हणाले. आम्ही तिघं बसनं निघालो.

टेकडीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना दुकानं मांडलेली होती. मेणाचे हात, पाय, डोळे, बाळं, घरं. ज्याला जे हवं असेल ते. म्हातारीनं एक पाय उचलला. मालकांनी तो तिच्या हातातून घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि दुकानदारणीला परत दिला.

"हा डावा आहे. आम्हाला उजवा हवा."

"समदे सारकेच, बाबा. मावलीला काय कलत नाय व्हय?"

"तिला कळत असेलच. देणाऱ्यालाही कळायला हवं. अंगठा बघा कुठं आहे ते. उजवा द्या."

दुकानदारणीनं कपाळाला हात लावला. तीन टोपल्या उपसल्या. मागं रांग खोळंबली, लोक कुरकुरायला लागले. मालक हलले नाहीत. शेवटी तळातून एक उजवा पाय निघाला. टाच किंचित चेपलेली होती, पण उजवा होता.

चर्चच्या पायऱ्यांशी मालक थांबले. "मी इथं उभा राहतो."

म्हातारीनं त्यांच्या कोटाची बाही धरली. ती नुसती ओढत राहिली. मालकांनी आयुष्यभर पाटील, इनामदार, पुजारी कुणाचं ऐकलं नव्हतं. ते आत गेले.

आत मेणबत्त्यांची धग होती. गर्दी सरकत सरकत आम्ही पुढं पोचलो. तिथं मेणाच्या वस्तूंचा ढीग होता. म्हातारीनं तो पाय कपाळाला लावला, ओठांना लावला आणि मालकांच्या पुढं धरला.

"तुमी ठेवा."

"नाही, बाई. तुमचा नवस आहे."

"पोराचा पाय तुमी राखला. तुमीच ठेवा."

मालकांनी आवाज खाली आणला. मी त्यांना इतकं अवघडलेलं पाहिलं नव्हतं. "बाई, खोटं नको. माझा यावर विश्वास नाही."

"माजा हाय ना," म्हातारी म्हणाली. "तुमी निस्ता ठेवा."

मालकांनी डोक्यावरची टोपी काढून माझ्या हातात दिली. दोन्ही हातांनी तो पाय घेतला, ढिगाच्या कडेला थोडी जागा केली आणि ठेवला. तो कलंडायला लागला, तेव्हा चेपलेल्या टाचेखाली मेणबत्तीचा एक तुकडा सरकवून त्यांनी तो नीट उभा केला. म्हातारी डोळे मिटून पुटपुटत होती. मागून लोक ढकलत होते. तिचं संपेपर्यंत मालक हात मागं बांधून, तिला धक्का लागणार नाही असे, आडवे उभे राहिले.